वर बघणारा धुळाप्पा

शिवलिंगप्पाला त्या साली काठी मिळणार होती.

चौऱ्याहत्तर साल सरत आलं होतं आणि सोलापूरची संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा महिन्यावर आली होती. काठी म्हणजे सिद्धेश्वराचा नंदीध्वज. पाच माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी केली तर होतील तेवढा उंच. तो एकट्या माणसानं कमरेच्या पट्ट्यात रोवून, दोन्ही हातांनी सावरत, गर्दीतून चालवत न्यायचा. धरणाऱ्याची मान मागं आणि नजर शेंड्यावर. त्यानं खाली बघायचंच नाही. खाली बघायला भोवती आपली माणसं असतात. 'डावीकडं खड्डा हाय', 'पुढं पायरी हाय, बेतानं' असं ती सांगत राहतात. एकानं शेंडा बघायचा, बाकीच्यांनी त्याचे पाय बघायचे. ही वाटणी इतकी पक्की, की कुणी दुसऱ्याच्या कामात डोळा घालत नाही.

शिवलिंगप्पानं नऊ वर्षं दुसऱ्यांचे पाय बघितले होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो जॉबर होता. बिघडलेला माग नीट करायचा, दिवसभर मागाखाली वाकून राहायचं आणि संध्याकाळी सरावाला जाऊन ताठ उभं राहायचं. यंदा काठीच्या मंडळींतले थोरले, चनबसप्पाअण्णा, आपणहून म्हणाले होते, "एका चौकापासून दुसऱ्या चौकापत्तोर तू धर." बायकोनं, महादेवीनं, काठी धरताना घालायची पांढरी बाराबंदी नीळ घालून धुतली आणि घडी करून ट्रंकेत सगळ्यात वर ठेवली. ट्रंक उघडली की तीच दिसावी म्हणून.

अण्णांची एक अट मात्र जुनी होती. जत्रेआधी ज्याच्या हातून काठी पडली, मग ती सरावातली का असेना, त्यानं त्या साली धरायची नाही. देवाचा कोप वगैरे अण्णा सांगत नसत. "हात कच्चा हाय म्हनून," एवढंच म्हणत. आणि ह्या कारणापुढं वाद चालत नसे.

असा सगळा सरळ मामला असताना मधे उपटले नेव्हीतात्या.

तात्यांचं नाव जोतीराम. मूळचे माळशिरसकडचे. जिथं विहिरीत पोहायला शिकलेला माणूस दर्यावर्दी समजतात, तिथून हा गडी नौदलात गेला आणि बावीस वर्षं काढून आला. पेन्शनीवर सोलापुरात भाड्याची खोली घेतली. त्यांची बायको रंभाकाकू. तिनं ही बावीस वर्षं सासरी उसाला पाणी पाजत काढलेली. एकदा ती सहज बोलून गेली, "तुमी समुद्र समुद्र करता. मला एकदा दावा तरी, शीड लावल्यावर कसं वाटतंय ते." तात्यांनी ते मनावर घेतलं. एमआयडीसीतल्या एका बंद शेडमध्ये वर्षभर खटपट करून त्यांनी होडी बांधली. होडी तरी कसली, दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी ठेवून मधे फळ्यांनी जोडलेल्या, जू ठेवलेल्या बैलांसारख्या. तात्या म्हणायचे कॅटमरान. कारखान्यातली माणसं म्हणायची बैलजोडी. शिडाचं कापड मागावरचं, जाड, दुहेरी शिवलेलं. डोलकाठी अॅल्युमिनियमच्या जुन्या पाइपची, बावीस फूट. तिला तीन बाजूंनी ताणायला पोलादी तारा.

होडी नेली हिप्परग्याच्या तलावावर, रविवारी सकाळी, ट्रकात घालून. डोलकाठी उभी करायला चार-पाच माणसं हवी होती. तात्यांनी शिवलिंगप्पाला विचारलं. शिवलिंगप्पा हसला. "तात्या, बावीस फुटाची काय सांगताय? आमी तीस फुटाची कमरंला लावून चालतो. सराव व्हईल आमचा." त्यानं काठीच्या मंडळींतले तिघं घेतले. दोर धरायला एक हात कमी पडत होता म्हणून गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या धुळाप्पाला हाक मारली, "ए धुळ्या, चल रं, मासे बी मिळतील."

आता हा धुळाप्पा कोण, ते सांगायला हवं, कारण गल्लीत कुणाला ते धड माहीत नव्हतं.

दुधनीच्या बाजूचा धनगर. बापाची मेंढरं एका रोगात गेली तशी हा सोलापुरात आला आणि विजेच्या लाइनीवर रोजंदारीला लागला. बारा वर्षं रोजंदारीवरच. 'तुला पर्मनंट करतो' म्हणणारे तीन साहेब हार घालून, पेढे खाऊन रिटायर झाले, आणि हा खांबावर चढणाऱ्याला खालून पक्कड देत तिथंच उभा. चढायचं काम ह्याला येत होतं, पण कागदावर तो चढू शकत नव्हता. आपल्याकडं कागद आधी चढतो, मग माणूस.

त्याची एक खोड सगळ्यांना ठाऊक होती. तो मान वर करून चालायचा. बाजारात जाऊ दे नाहीतर परसाकडं, डोळे तारांवर. त्यामुळं ठेचा लागून लागून त्याच्या दोन्ही पायांच्या अंगठ्यांना कायम चिंधी बांधलेली. पोरंसोरं विचारायची, "धुळ्यामामा, आभाळात काय पेरलंय?" तो म्हणायचा, "पीक आलं की सांगतो की."

तर अशी ही मंडळी तलावावर पोचली. ट्रक वरच्या माळावर, बाभळीखाली थांबला. तिथून पाणी चाळीसेक पावलं. माणसांनी होडी उचलून नेऊन पाण्यात ठेवली. तात्या मांडीभर पाण्यात शिरले, होडी धरून उभे राहिले आणि तिथून ओरडून सांगू लागले, "काठी आडवीच आना! हितं तिच्या बुडाला बिजागरी हाय. बूड आधी बसवायचं, खीळ घालायची, मग दोरानं उचलायची. आन पयला नियम, वर बघा. मी बघितलंय, होडीच्या वर काय न्हाय."

शिवलिंगप्पाच्या मनाला ते 'आडवी' लागलं.

काठी आडवी न्यायची? नऊ वर्षांत त्यानं आडवी काठी बघितली होती ती फक्त साज उतरवल्यावर. आणि बिजागरी? बिजागरी दाराला असते. तो म्हणाला, "तात्या, तुमी नेव्हीत दोरानं उचलत असाल. आमी हितं देवाची काठी उचलतो. उभीच आनतो, तुमच्या भोकात नेमकी सोडतो. बघाच!"

"आरं, तसं न्हाय करायचं..." तात्या पाण्यातून म्हणाले, पण होडी सोडून त्यांना हलता येईना. आणि इकडं तिघांनी पाइप उभा केलासुद्धा. शिवलिंगप्पानं कमरेचा पट्टा आवळला, बूड त्यात रोवलं, हात वर घेतले. एकानं हौसेनं आरोळी दिली, "हर्र बोला हर्र!" पाइपाच्या शेंड्याला एक दोर बांधलेला होता, त्याचं टोक धुळाप्पाच्या हातात देऊन म्हणाले, "तू आपला बाजूनं चल. कामाचं काय न्हाय, नुसतं धर."

शिवलिंगप्पा चालू लागला. हिवाळ्याची अकराची उन्हं, शेंडा चमकत होता. पाइप काठीपेक्षा हलका, त्यामुळं जास्त डुलत होता, पण त्याला मजा येत होती. तिघं भोवतीनं सांगत होते, "दगूड हाय उजवीकडं. हां. आता उतार. बेतानं." त्याला वाटलं, जत्रेत असंच. असंच चालायचं. महादेवी कुठल्यातरी कट्ट्यावर उभी असेल, शेजारणीला दाखवत असेल.

"म्याल नोडो!"

धुळाप्पाचा आवाज. कानडीत. वर बघ रे, असं. शिवलिंगप्पाच्या घरची बोली कानडीच, त्याला लख्ख कळलं. पण तो तर वरच बघत होता! दुसरं काय करत होता? त्यानं पुढचं पाऊल उचललं.

तेवढ्यात शेंड्याला असा हिसका बसला, की जणू कुणी काठीलाच मुळापासून उपटलं. पट्ट्यातून बूड निसटलं. पाइप त्याच्या डाव्या कानावरून घसरत मागं गेला आणि माळावर आदळला. एवढा मोठा आवाज झाला, की पाण्यावरची बदकं उठली. शेंड्याचा दीड फूट वाकडा झाला.

पडली. शिवलिंगप्पाच्या हातून काठी पडली. पाच माणसांदेखत.

त्यानं वळून बघितलं. धुळाप्पा मागं जमिनीवर उताणा पडला होता, दोर मुठीत. अंगाचं सगळं वजन टाकून त्यानंच ओढली होती. शिवलिंगप्पाच्या डोळ्यांपुढं ट्रंकेतली बाराबंदी आली आणि त्याचं डोकं फिरलं. त्यानं धुळाप्पाला गळ्याजवळ धरून उठवलं आणि कानाखाली वाजवली.

"भडव्या, नऊ वर्सं झाली! नऊ वर्सं! तुला काय ठावं काठी म्हंजे काय?"

धुळाप्पानं गाल धरला नाही. त्याच्या दोन्ही तळव्यांची साल दोरानं सोलून निघाली होती, त्यामुळं त्यानं हात नुसते पुढं धरले होते. त्यानं हनुवटीनं वर दाखवलं.

"तार," तो म्हणाला.

तेव्हा कुठं सगळ्यांनी बघितलं. माळावरच्या एका कललेल्या खांबापासून खाली पंपाच्या खोलीपर्यंत तारा गेल्या होत्या. खांब कलल्यानं ढिल्या पडून मधे झोळीसारख्या लोंबत होत्या. आभाळाच्या रंगाच्या. शिवलिंगप्पापासून पुढं दोन पावलांवर. शेंडा तारांच्या वर गेलेला, आणि तो बघत होता शेंडा. तार लागली असती ती पाइपाच्या मध्यावर, जिथं कुणाचीच नजर नव्हती.

एवढं होऊनसुद्धा शिवलिंगप्पाचा ताठा उतरला नाही. पंपाच्या खोलीचा म्हातारा राखणदार आवाज ऐकून आला होता. तो म्हणाला, "त्यात काय भ्यायचं? लाइन बंद हाय. बहात्तरला पानी आटलं तवापासनं पंप बंद, लाइन बंद. कागूद हाय माज्याकडं." त्यानं खोलीतून घडी घातलेला कागदही आणला. खाली शिक्का होता.

"बघ!" शिवलिंगप्पा म्हणाला. "मेलेल्या तारंसाठी माजी काठी पाडलीस तू."

धुळाप्पा वळला. लंगडत पंपाच्या खोलीकडं गेला. खिशात टेस्टर होताच, तो कधी नसायचा असं नव्हतंच. सोललेल्या बोटांनी धरता येईना, म्हणून त्यानं तो तात्यांच्या हातात दिला. तात्या पाण्यातून धावत आलेले, पँट ओली, उघडे पाय. धुळाप्पा म्हणाला, "आदी पाय पुसा. त्या लाकडी फळीवर उबं ऱ्हावा. आता लावा हितं." गंजलेल्या बोर्डाच्या तोंडाशी तात्यांनी टेस्टरचं टोक टेकवलं. त्याच्या पोटात गुंजेएवढा लाल ठिपका पेटला.

राखणदार दोन वर्षं त्याच बोर्डाला पाठ टेकून झोपत होता. त्यानं कागदाकडं बघितलं, मग ठिपक्याकडं, आणि कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. फेकला नाही. आपल्याकडं शिक्क्याची भीती विजेपेक्षा मोठी.

तात्या खाली बसले. "चूक माजी हाय," ते म्हणाले. "मी होडीच्या वर बघितलं. वाटंच्या वर बघायचं सोडलं. बावीस वर्सं मी पोरास्नी शिकवत आलो, काठी जितनं जितनं जानार तितनं तितनं वर बघायचं." मग ते शिवलिंगप्पाकडं वळले. "ओला माळ, उघडं पाय, आन हातात धातूचा पाइप. तू एकटा गेला नसतास. भोवती तिघं चिकटलं हुतं."

शिवलिंगप्पानं आपल्या पायांकडं बघितलं. अनवाणी होते. देवाची काठी अनवाणी धरतात, म्हणून सवयीनं त्यानं चपला ट्रकाजवळ काढल्या होत्या.

आणि मग त्याला ते कळलं, ज्याची लाज त्याला पुढं कितीतरी दिवस पुरली. नऊ वर्षांत त्यानं जत्रेत एकदाही तारेचा विचार केला नव्हता. का? कारण जत्रेच्या वाटेवर तारा आपोआप बाजूला होतात असंच त्याला वाटायचं. काठ्यांच्या पुढं शंभर पावलांवर काही माणसं सुकी लाकडी बेचकी, म्हणजे टोकाला दोन फाटे असलेले लांब दांडे, घेऊन चालतात, कुठं प्रवाह बंद करायला सांगतात, कुठं लोंबती तार उचलून धरतात. खाकी, मळके, घामेजलेले. त्यांच्याकडं कोण बघतं? त्यातलाच एक हा, त्याच्याच गल्लीतला, अंगठ्याला चिंध्या बांधलेला.

त्या दिवशी संध्याकाळी तो धुळाप्पाच्या खोपटात गेला. हातात कारखान्यातला एक टॉवेल होता, काठाला चूक राहिलेला. चांगला आणायला पाहिजे होता, पण दुकानं बंद होती. दानम्मा, धुळाप्पाची बायको, नवऱ्याच्या तळव्यांना हळद-तेल लावत होती. तिनं शिवलिंगप्पाकडं असं बघितलं, की तो दारातच थबकला.

"या की आत," ती म्हणाली. "का अजून एक गाल ऱ्हायलाय म्हनून आलाय?"

"वैनी..." ज्या माणसाला आयुष्यभर 'ए धुळ्या' म्हटलं, त्याला आता काय म्हणायचं, तेच सापडेना. "धुळाप्पा," तो म्हणाला, "मी जित्ता हाय ते तुज्यामुळं."

"ऱ्हाऊ द्या की, आण्णा," धुळाप्पा म्हणाला. "मारलं ते बी बरं झालं. कानातला मळ निघाला. लई दिवसांचा हुता."

दानम्मा हसली नाही. पण तिनं चुलीवर आणखी एक भाकरी टाकली, आणि शिवलिंगप्पाला ते क्षमेपेक्षा जड गेलं. भाकरी खाऊन उठताना तो म्हणाला, "तुजं हात बरं होईपत्तोर पानी मी भरनार." आणि तो खरंच आठ दिवस त्यांच्या दारात नळाच्या घागरी ओतत राहिला. गल्लीनं टोमणे मारले. मारू देत. गल्लीला तारा दिसत नव्हत्या.

सोमवारी तो चनबसप्पाअण्णांकडं गेला. बातमी आधीच पोचली होती. अण्णा ओट्यावर बसून पान कुटत होते.

"पडली?" त्यांनी विचारलं.

"व्हय आण्णा. न्हाय... धुळाप्पानं पाडली. पाडली नसती तर मी नसतो." शिवलिंगप्पानं सगळं सांगितलं, थापडीसकट.

अण्णांनी खलबत्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हा धुळाप्पा कोन?"

"जत्रंत काठ्यांच्या पुडं बेचकी घिऊन चालतोय त्यो. बारा वर्सं झाली."

"बारा वर्सं माज्या पुडं चालतोय," अण्णा म्हणाले, "आन मला नाव ठावं न्हाय." ते खाली बघत राहिले. म्हातारा माणूस एवढा ओशाळलेला शिवलिंगप्पानं कधी बघितला नव्हता. त्याला जरा धीर आला. वाटलं, आता अट ढिली होईल.

पण अण्णा अण्णाच. "तू यंदा काठी धरायची न्हाईस," ते म्हणाले.

"आण्णा, ती देवाची काठी नव्हती! पाइप हुता!"

"पडली म्हनून न्हाय. शेंडा बघतोस आन मधलं बघत न्हाईस म्हनून. यंदा तू त्याच्या संगं पुडं चाल. बेचकी घे. वर बघायला शिक. फुडल्या साली धर."

शिवलिंगप्पा रागानं उठला, ओट्यावरून उतरला, दहा पावलं गेला. नऊ वर्षं म्हणजे काय थट्टा आहे? मग त्याला टेस्टरच्या पोटातला तो लाल ठिपका आठवला. तो परत आला आणि अण्णांच्या पायांना हात लावून गेला. तोंडानं काही बोलला नाही. बोलला असता तर शिवीच निघाली असती.

त्याच्या पुढच्या रविवारी डोलकाठी पुन्हा उभी केली. तात्यांनी वाकडा शेंडा कापून टाकला होता, त्यामुळं ती साडेवीस फुटांवर आली. काम सुरू करायच्या आधी तात्या म्हणाले, "आज हुकूम माजा. पन वर बघायचं काम धुळाप्पाचं. त्यो थांब म्हनाला की थांबायचं. का म्हनून इचारायचं न्हाय."

धुळाप्पा आधी सगळा काठ एकटा फिरून आला, मान वर, ठेचा खात. त्यानं जागा दाखवली ती पलीकडच्या अंगाला, तारेपासून इतकी लांब, की काठी कुठंही कोसळली तरी तिथवर पोचू नये. पाइप होडीवर आडवा बांधून, होडी काठाकाठानं ओढत तिथं नेली. दोन्ही अंगं वाळूवर चढवली आणि खाली दगडांची पाचर मारली, म्हणजे वजन हललं तरी ती डुगडुगायची नाही. होडीचं तोंड वाऱ्याकडं. पाइपाचं बूड बिजागरीत बसलं, खीळ गेली, खिळीचं टोक पकडीनं वाकवलं. डावी-उजवीकडच्या तारा आधीच दोन्ही अंगांना अडकवल्या, म्हणजे काठी वर येताना कुशीवर कलायला जागाच नाही. पुढच्या दोराखाली दोन बांबूंची कैची उभी केली. तात्या म्हणाले, "पयलं हातभर उचलायचं तेच अवगड. कैचीवरनं दोर वरनं येतो, मग काठी आपनहून उटती. आन खाली कुनी उबं ऱ्हायचं न्हाय. कायबी निसटलं तर निसटू द्यावं. धरायला जायाचं न्हाय."

शिवलिंगप्पा पुढच्या दोरावर होता. आज पायात चपला होत्या. आरोळी नाही, गडबड नाही. वारा पडायची वाट बघितली. पडला तसं तात्या म्हणाले, "वढा."

काठी उठली. खरंच आपोआप उठली, झोपलेला माणूस कुशीवर होऊन उठावा तशी. शिवलिंगप्पा हात बदलत दोर घेत राहिला. काठी अर्ध्यावर आली आणि धुळाप्पा म्हणाला, "थांब."

सगळे थांबले. दोर ताणलेला, दंड थरथरायला लागलेले. शिवलिंगप्पाच्या तोंडापर्यंत 'का रं?' आलं होतं. त्यानं ते गिळलं. ते गिळणं त्याला काठी धरण्यापेक्षा अवघड गेलं.

"डावी तार," धुळाप्पा म्हणाला, "फळीच्या कोपऱ्यात गुतलीया."

तात्यांनी वाकून बघितलं. तारेचा वेढा होडीच्या कोपऱ्याखाली अडकला होता. आणखी दोन हात ओढलं असतं तर कडी तुटून काठी उजवीकडच्या माणसांवर गेली असती. तात्यांनी बाजूनं जाऊन, काठीच्या खाली न जाता, वेढा सोडवला.

"चला."

काठी उभी राहिली. पुढची तार बसली, तिची खीळ गेली, मगच तात्या म्हणाले, "सोडा." शिवलिंगप्पानं दोर सोडला. काठी तशीच उभी. कुणाच्या कमरेला नाही, कुणाच्या हातात नाही. तो बघतच राहिला.

दुपारी रंभाकाकू आल्या. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचून होडीत चढल्या, मधल्या फळीवर दोन्ही हात टेकून बसल्या. शीड फुगलं, तशी बैलजोडी आवाज न करता पाणी कापत निघाली. काठावरून सगळे बघत होते. मधल्या पाण्यातून काकूंचा आवाज आला, "अवो! पानी पळाया लागलंय की!" तात्यांनी काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही. परत आल्यावर काकू आधी धुळाप्पाजवळ गेल्या आणि त्याचे दोन्ही तळवे उलटून बघितले. "ह्या हातामुळं माजा समुद्र झाला रं बाबा," त्या म्हणाल्या. त्यानं हात मागं घेतले, लाजून.

मग संक्रांत आली. रस्ते भरले. शिवलिंगप्पा बाराबंदीत नव्हता. खाकी सदरा, हातात सुकी लाकडी बेचकी, धुळाप्पाच्या शेजारी, काठ्यांच्या पुढं शंभर पावलांवर. गर्दीतून महादेवी दिसली. तिनं तोंड फिरवलं नाही, तेवढं बरं वाटलं.

आणि मग त्याला कळलं, वर बघायचं म्हणजे काय असतं. शेंडा एकच असतो. तारा किती! एक दुकानाच्या पाटीवरून गेलेली, एक कुणी हौशानं माळ लावायला ओढलेली, एक पतंगाच्या मांज्यासकट लोंबणारी. धुळाप्पा चालता चालता सांगत होता, "ही टेलिफोनची, ऱ्हाऊ द्या. ही बगा, ही आपली. उचला. आता धरून ऱ्हावा." शिवलिंगप्पाला पहिल्या चौकाआधीच दोन ठेचा लागल्या. डाव्या अंगठ्यातून रक्त आलं.

"चिंदी हाय खिशात," धुळाप्पा म्हणाला. "मी दोन जादा आनल्यात."

मागं आरोळी उठली, "हर्र बोला हर्र!" हजारो गळ्यांची. जमीन हलल्यासारखी वाटली. सवयीनं शिवलिंगप्पा वळला. मागं रस्त्याच्या वळणावरून पहिली काठी येत होती, उन्हात, सगळ्या डोक्यांच्या वर, संथ. त्याच्या अंगावर काटा आला. त्यानं शेजारी बघितलं. धुळाप्पा वळला नव्हता. त्याची मान वर, डोळे पुढच्या तारेवर.

"बघितलंस का? काय दिसती!"

"कशी दिसती?" धुळाप्पानं विचारलं.

"कशी म्हंजे? बारा वर्सं हाईस ना तू?"

"बारा वर्सं फुडंच हाय की, आण्णा. ती मागनं येती."

शिवलिंगप्पा जागेवर थांबला. बारा वर्षं ह्या माणसानं काठीची वाट मोकळी केली होती आणि चालती काठी एकदाही बघितली नव्हती.

त्यानं धुळाप्पाच्या हातातली बेचकी काढून घेतली. आता त्याच्याकडं दोन झाल्या. एकीनं त्यानं समोरची लोंबती तार उचलून धरली.

"वळ," तो म्हणाला. "फुडचं मी बगतो."

"आवो, पन..."

"का म्हनून इचारायचं न्हाय."

धुळाप्पा वळला. शिवलिंगप्पाला त्याचं तोंड दिसत नव्हतं, कारण तो तारेकडं बघत होता आणि तारेवरून नजर काढायची नसते, हे आता त्याला ठाऊक होतं. त्याला फक्त ऐकू आलं. आधी आरोळी, जवळ जवळ येणारी. मग शेजारी एक लांब श्वास. चालत्या काठीच्या दोन्ही बाजूंनी उठणाऱ्या टाळ्या जवळ आल्या आणि धुळाप्पानं नाक ओढल्याचा आवाज आला.

"लई उंच हाय की वो," तो म्हणाला.

"मग?"

"बगितली." त्यानं हात पुढं केला. तळव्यावर दोराची लकेर अजून गुलाबी होती. "आता द्या इकडं बेचकी. फुडं दुसरी तार हाय."